रत्नमालाचा सव्वा कट्टा

रत्नमाला कापगते हिचं वजन किती, हे ठाऊक नसलेला माणूस एकोडी गावात शोधून सापडला नसता. बायकांचं वय लपतं, माहेरचं दुखणं लपतं, पण रत्नाचं वजन लपायला जागाच नव्हती. तिचा नवरा ताराचंद गावाजवळच्या राईस मिलमध्ये मापारी होता. बावीस वर्षं धानाचे कट्टे, म्हणजे चाळीसेक किलोची पोती, काट्यावर चढवून त्याची नजर अशी बसली होती, की कट्टा जमिनीवरून उचलताना हमालाची मान किती वाकली यावरून तो किलो सांगे. असा माणूस घरात असल्यावर बायकोचं वजन झाकून राहणार कसं?

चार वर्षांपूर्वी ते एकशे बावीस किलो होतं. एक काळ होता, जेव्हा झाडीपट्टीच्या रंगमंचावर राणी उभी करायची तर भरल्या अंगाचीच बाई लागे. हडकुळी राणी आली की पहिल्या रांगेतून आवाज यायचा, "राणीले जेवण देत नाही का रे राजा?" त्या काळात रत्ना असती तर सिंहासन तिचंच होतं. पण तिच्या वाट्याला हा काळ आला. गुडघे गेले, साखर वाढली, बांधावरून चालताना दम लागू लागला. पस्तिशीतली बाई पायरी चढताना भिंत धरू लागली. शेवटी नागपूरच्या एका दवाखान्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरली केळ्याएवढी पिशवी. माहेरच्या हिश्श्याचं जे काही आलं होतं, ते सगळं या एका पोटावर लागलं.

आणि काय चमत्कार झाला! दीड वर्षात एकावन्न किलो उतरले.

ते दिवस एकोडीनं डोळे भरून पाहिले. दर बाजाराच्या दिवशी ताराचंद तिला मिलमध्ये बोलवायचा. धान मोजणं थांबायचं. हमाल बाजूला व्हायचे. रत्ना पदर सावरून काट्यावर उभी राहायची आणि ताराचंद आकडा असा पुकारायचा, जणू नाटकातला चोपदार महाराजांचं आगमन पुकारतो आहे. ज्या दिवशी एकाहत्तर आलं, त्या दिवशी तो सगळ्या मिलला ऐकू जाईल असं ओरडला, "सव्वा कट्टा उतरवला माह्या बायकोनं!" चंद्रकुमार नावाचा हमाल होता, जिभेचा मोठा तिखट. तोसुद्धा म्हणाला, "वहिनी, आता तं तुमाले पाठीवर घेऊन साकोलीले नेईन मी." त्या वर्षी दिवाळीनंतर भरलेल्या मंडईच्या जत्रेत बाया बांगड्यांचं दुकान सोडून रत्नाकडे बघत होत्या. गोंदियाला नर्सिंग शिकणारी तिची पोरगी, रीना, आईचा फोटो मैत्रिणींना दाखवत होती. रत्नाला वाटलं, आपलं नाटक संपलं, आता टाळ्यांचं सुख घ्यायचं.

तिसऱ्या वर्षी काटा उलटा फिरला.

आधी एक किलो, मग दोन. हिवाळा आहे, अंगात पाणी धरलं असेल, असं तिनंच स्वतःला सांगितलं. पुढे ब्लाऊजच्या शिवणी उसवल्या. मग तिनं मिलमध्ये जाणं टाळलं. एकदा म्हणाली डोकं दुखतं, एकदा म्हणाली पाहुणे येणार आहेत. पण गावाला काटा लागत नाही, गावाला डोळे पुरतात. विहिरीवर गुड्डी नावाची शेजारीण सगळ्यांसमोर बोलली, "का व रत्ना, पोट छोटं केलं अन् तोंड तसंच ठेवलं का?" सगळ्या हसल्या. रत्नाही हसली. हसल्याशिवाय तिथून निघता आलं नसतं.

खरी गोष्ट अशी, की ती खात नव्हती. हे तिचं दुःख होतं आणि हेच कोणाला पटत नव्हतं. ताटात मूठभर भात, वरण, भाजीचे दोन घास. त्याहून जास्त गिळलं की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. मंडईतली जिलेबी नाही, पोळ्याच्या करंज्या नाहीत. तेरवीच्या पंगतीत बसून ती पत्रावळीवरचं शेजारणीला वाढत असे. तरीही शहात्तर, ब्याऐंशी, एकोणनव्वद. ती पहाटे तळ्याच्या पाळीवरून चालायला जायची, दोन चकरा, तीन चकरा. परत येऊन आरशात पाहायची, तर आरशात जुनीच रत्ना तिच्याकडे चालत येताना दिसायची.

ताराचंदनं आधी दुर्लक्ष केलं. नंतर जेवताना तिच्या ताटाकडे बघू लागला. त्यानंतर ती जेवून उठली की भांड्यांकडे. शेवटी एक दिवस त्यानं विचारलंच, "रीनाच्या माय, खरं सांग. मी मिलमध्ये गेल्यावर काय खातेस?"

"काही नाही जी."

"काही नाही म्हणता म्हणता चौऱ्याण्णव झाले."

त्या दिवशी रत्नानं स्वतःच कुलूप आणलं. पितळेचं, जाड. नवऱ्याच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, "रांधणखोलीले लावा. सकाळी तुम्ही उघडा, मी सैपाक करते, तुमच्यासमोर जेवते, मग लावून जा. संध्याकाळी तसंच. एक महिना. मग मी मिलमध्ये येते, सगळ्यायसमोर काट्यावर उभी राहते. मग तं भरोसा कराल?"

ताराचंदनं किल्ली करदोड्याला बांधली. रत्नाची सासू निर्मलाबाई ओट्यावर बसून हे बघत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तोंडात दात नाही, कानाला मात्र पक्की. ती पुटपुटली, "सुनेच्या पोटाले कुलूप लावते कोणी? तुमचं तं बाप्पा नवलच आहे." आणि उठून घरामागच्या परसात, सांदवाडीत गेली. तिची चूल तिथे होती. घरात गॅस येऊन दहा वर्षं झाली, पण म्हातारीनं आपली चूल सोडली नाही. ती तिथे आपल्यापुरती पेज शिजवायची. गॅसवरच्या पेजेला चव नसते, असं तिचं म्हणणं.

महिना गेला. सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडलं, लागलं. रत्नानं एक दाणा चोरला नाही. तिचा स्वतःवर विश्वास बसला होता. चेहरा उतरला होता, चालणं वाढलं होतं, एका ब्लाऊजचा हूक सैल वाटत होता. नव्या धानाची गर्दी असतानाच, भर दुपारी, ती मिलमध्ये गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून गेली, हे विशेष. दारात ट्रॅक्टर उभे, शेतकरी बसलेले, हमालांची धावपळ. तिनं नवऱ्याला हाक मारली, "अजी, मोजा."

सगळे थांबले. जुन्या दिवसांसारखेच थांबले. रत्ना काट्यावर चढली आणि मान ताठ ठेवून समोर बघत राहिली.

ताराचंदनं आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. तिला उतरायला लावलं, काटा शून्यावर आहे का बघितलं, पुन्हा चढवलं.

शहाण्णव.

तो काही पुकारला नाही. पण चंद्रकुमारला आकडा दिसत होता. "दोन किलो वर! वहिनी, कुलूप लावलं तं उंदीरही मोटे झाले असतीन घरात!" मिल खदखदून हसली. एक म्हातारा शेतकरी तोंडावर गमछा धरून हसला. ताराचंदच्या चेहऱ्यावर जे आलं, ते रत्नानं कधी पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या मापाला कोणी खोटं म्हटलं नाही, त्या माणसाचं घर आज मापात खोटं निघालं होतं.

"किल्ली माह्यापाशी," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तं तू कोणाच्या घरी जाऊन खातेस? सांग. इथंच सांग."

रत्नानं तोंड उघडलं, पण तिला शब्द सापडेना. रंगमंचावर नटाचं भाषण विसरतं, तेव्हा विंगेतून कोणीतरी सांगतं. इथे विंगच नव्हती. ती काट्यावरून उतरली आणि घरी आली. वाटेत तिला एकच विचार होता. आपण खोटं बोलत नाही, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. आणि आता आपल्यालाही खात्री वाटेनाशी झाली आहे. झोपेत उठून खातो का आपण? आपल्यात कोणी दुसरी बाई शिरली आहे का?

त्यानंतर आठ दिवस नवरा-बायको बोलले नाहीत. नवव्या दिवशी रत्नानं एकटीनं एसटी पकडली. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथली आहाराची मॅडम महिन्यातून एकदा भंडाऱ्याला बसायची. रत्ना दोन वर्षं तिकडे फिरकली नव्हती. वजन वाढल्यावर कोणत्या तोंडानं जायचं? आज ती एकच मागणी घेऊन चालली होती.

मॅडमचं नाव खुशबू. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. रत्ना खुर्चीत बसायच्या आधीच बोलली.

"मॅडम, माह्यं पोट आणखी कापा."

"बसा ताई."

"बसायले नाही आली मी. राहिलेलं बी काढून टाका. पोटच नको मले. नळीनं काय द्याचं थे द्या." आणि तिला रडू फुटलं. ते साधं रडणं नव्हतं. महिन्याभराचं कुलूप तुटून आलेलं रडणं होतं. "मी खात नाही हो. एक माणूस मानत नाही. मी खरंच नाही खात."

खुशबू तिला रडू देत बसली. पाणी पुढे केलं. मग म्हणाली, "दुसऱ्या ऑपरेशनचं डॉक्टर बघतील, आधी तपासण्या लागतील, ते सोपं नसतं. आणि ताई, वजन परत येणं पुष्कळांना होतं. गेलेलं वजन शरीर परत मागतं. यात तुम्ही गुन्हा केला असं काही नाही. पण मला कालचा दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून."

रत्नानं सांगितलं. मूठभर भात. वरण. वांग्याच्या चार फोडी. संध्याकाळी अर्धी पोळी.

"चहा?"

"बिनसाखरेचा. एकदा."

"पाणी किती पिता?"

"पाणी कमीच होते. तहान लागत नाही."

"का बरं? एवढं चालता तरी?"

"पेज असते ना," रत्ना म्हणाली.

खुशबूनं पेन खाली ठेवलं. तिची भाषाच बदलली. "ताई, मी आसगावची आहे. पवनीजवळच्या. खरं सांगा, पेज किती पेता?"

रत्ना गोंधळली. पेज कोणी मोजतं का? सकाळी सासूमाय एक कटोरी देते. चालून आल्यावर एक. सैपाक झाल्यावर एक. दुपारी दोन वेळा. चार वाजता. दिवेलागणीला. कटोरी लहानच, पोटात जास्त मावत नाही म्हणून.

"पातळ असते की दाट?"

"पयले पातळ होती. पाण्यावाणी. आता जरा..." आणि ती थांबली.

थांबली, कारण तिला आठवलं. ऑपरेशनहून घरी आली तेव्हा दवाखान्यानं एक कागद दिला होता. ताराचंदनं ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचला होता. त्यात पावडरींची नावं होती, गोळ्यांची नावं होती, आणि पहिल्या पंधरा दिवसांसाठी एक ओळ होती: वरणाचं पाणी, गाळलेली पेज. सगळ्या कागदात निर्मलाबाईला कळलेला तो एकच शब्द. म्हातारीचा चेहरा खुलला होता. "पेज ना? थे तं मी करते!" त्या दिवसापासून सांदवाडीतल्या चुलीवर सुनेची कटोरी सुरू झाली. पंधरा दिवस संपले. कागद ट्रंकेत गेला. कटोरी चालू राहिली. रत्नाचे केस गळायला लागले, गाल बसले, तशी म्हातारी हळहळली आणि कणी जरा जास्त टाकू लागली. मग जरा घोटून. मग कधी त्यात दूध. पेज म्हणजे जेवण थोडंच? पेज म्हणजे आजाऱ्याचं पाणी. म्हातारीला तसं वाटलं, रत्नाला तसं वाटलं, आणि कुलूप लावणाऱ्या ताराचंदलाही चुलीवरचं ते पेजेचं पातेलं रोज दिसत होतं.

"भात चावून खाल्ला तर तुमचं पोट लवकर भरते," खुशबू सांगत होती. "पेज तशी थांबत नाही, सरकून जाते. तासाभरानं पुन्हा जागा. ताई, तुम्ही खोटं बोलत नव्हत्या. पण ती पेज भातच आहे."

रत्नाला हायसं वाटायला हवं होतं. कारण सापडलं, चोरीच्या आळातून नाव सुटलं. पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिला दुसरंच सुचलं. आपलं नाव सुटायचं तर म्हातारीचं नाव घ्यावं लागणार. या घरात सगळे तिच्या पोटाकडे बघत होते. तिला कटोरी देणारी एकटी माय होती. तिला आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं? साकोली येईपर्यंत तिनं ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पेज हळूहळू सोडायची. चोर म्हणतात तर म्हणू देत.

घरात पाऊल टाकलं तर ताराचंद ओट्यावरच होता. आठ दिवसांनी पहिला शब्द बोलला. "काय म्हणे मॅडम? कोणाच्या घरी खातेस थे कबूल केलंस का?"

अख्खा रस्ता घोटलेला मौनाचा संवाद त्या एका वाक्यानं उडून गेला. "पेज!" ती किंचाळली. "पेज पेते मी दिवसभर! पेजेनं वाढलं!"

ताराचंद हसला. फार वाईट हसला. "पेजेनं? आमचे बाप-आजे जन्मभर पेज पेऊन नांगर हाकत होते. कोण फुगला त्यायच्यात? डॉक्टरले बी थापा देऊन आलीस तू."

झालं. खरं सापडलं, तर तेही खोटं ठरलं. रत्ना ओट्याच्या खांबाला टेकून खाली बसली.

मागच्या दारात निर्मलाबाई उभी होती. हातात कटोरी. सून भंडाऱ्याहून दमून येणार म्हणून आणलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली नाही. तिथूनच म्हणाली, "ताराचंद, मिलमधून कणी कोण आनते?"

"मीच आणतो. काहून?"

"सुनेच्या आपरेशनाआधी हप्त्याले किती आनत होतास?"

"किलोभर."

"आता?"

ताराचंद सदऱ्याची बाही सारखी करू लागला.

"सांग ना. मोजमाप तुहंच काम आहे."

"तीन किलो," तो म्हणाला.

"माह्या तोंडात दात नाही. मी तं पयलेएवढीच पेते."

आकडे त्याच्या डोक्यात आपोआप चालायचे. थांबवता येत नसत. आठवड्याला दोन किलो जास्त. महिन्याला आठ. ज्या महिन्यात किल्ली त्याच्या कमरेला होती, त्या महिन्यात त्यानं स्वतः पिशवीत घालून, स्वतःच्या सायकलवर, आठ किलो कणी बायकोसाठी घरी आणली होती.

तो उठला आणि बाहेर निघून गेला. म्हातारी खाली बसली. कटोरी तिनं जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. "म्हणजे मीच भरवली तुले," ती म्हणाली. "तुह्या बापाची जमीन गेली त्या पोटात मीच भरवली." रत्ना तिच्याकडे सरकली. "तसं नाही व माय. मॅडमनं सांगतलं, माणसाचं अंगच मागते परत." पण म्हातारीनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सांदवाडीत धूर दिसला नाही. तिनं स्वतःची पेजही बंद केली होती.

पुढचे दिवस कसे गेले, ते ज्यानं भूक पाहिली त्यालाच कळेल. खुशबूनं सांगितलं होतं तसं रत्ना आधी अंडं खायची, मुगाचा चिला खायची, चावून चावून. पण दर तासाला शरीर कटोरी मागायचं. त्याहून वाईट म्हणजे दुपार. पूर्वी दुपारी दोघी सांदवाडीत बसायच्या. एक फुंकर मारायची, एक घोट घ्यायची, गावच्या गोष्टी चालायच्या. आता सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत. महिन्यानं वजन जेमतेम एक किलो कमी झालं होतं. राहिलेले चोवीस कधी उतरतील, उतरतील की नाही, हे खुशबूनंही फोनवर छातीठोकपणे सांगितलं नाही. विहिरीवर हसणं चालूच होतं. मिलमध्ये काय चालतं ते रत्नाला ठाऊक नव्हतं, ताराचंद सांगत नव्हता. तो घरात शांतपणे वावरायचा, ताटाकडे बघायचा नाही. माफी मागितली नाही. त्याच्या घराण्यात ती कोणी मागितलेली नव्हती.

पुन्हा भंडाऱ्याची तारीख आली. रत्ना निघाली, तर तो स्वच्छ सदरा घालून फाट्यावर उभा. "येतो मी," एवढंच म्हणाला. एसटीत शेजारी बसला. कंडक्टरला म्हणाला, "भंडारा. एक फुल, एक महिला."

बस सुटल्यावर तो खिडकीबाहेर बघत बोलला, "मी सांगतो मॅडमले. तू चोरून नाही खात होतीस म्हणून."

"मॅडमले कायले सांगता?" रत्ना म्हणाली. तिला ओरडायचंही त्राण नव्हतं. "त्यायले माहीत आहे. मले मिलमध्ये विचारलं होतं तुम्ही. चंद्रकुमारसमोर. मिलमध्ये सांगा."

साकोली आली. स्टँडवर माणसं चढली, बस भरली, पुन्हा सुटली. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला. बसच्या खडखडाटात पलीकडचं ऐकू येईना, म्हणून त्याला ओरडूनच बोलावं लागलं, आणि अर्धी बस वळून बघू लागली.

"हॅलो! चंद्रकुमार! हो, बसमध्ये आहो. ऐक. फोन स्पीकरवर कर, सगळ्यायले ऐकू दे. अबे कर ना! त्या दिवशी मी तुह्या वहिनीले बोललो होतो ना, कोणाच्या घरी खातेस म्हणून? थे मी चुकलो. कुठंच नोती खात थे. मापात चूक माह्यी होती. काय? अबे हसू नको! मी चुकलो म्हणून राहिलो, ऐकून राहिलास का?"

रत्नानं पदर तोंडावर ओढला. समोरच्या बाकावरची एक अनोळखी बाई तिच्याकडे बघून गालात हसली, पण ते हसणं विहिरीवरचं नव्हतं. रत्नानं डोळे मिटले. दहा वाजले होते, कटोरीची वेळ. तिच्या पोटात भूक उठली, आणि लाखनी गाव मागे गेलं तरी ती भूक शमली नाही.